घर तुमचंच समजा

बुऱ्हाणपुरात लाईट गेली हे कळायला डोळ्यांची गरज पडत नाही. दिवसभर गल्लीगल्लीतून मागांची खटखट चालू असते, ती एकदम थांबते, आणि कानांना दडे बसल्यासारखं होतं. लहान पोरंसुद्धा खेळता खेळता "गेली!" म्हणून ओरडतात. परत आली की आधी पायाखालची फरशी थरथरायला लागते, मग फुलपात्रातलं पाणी, आणि मग आवाज. मृणाल या थरथरीतच वाढली होती. नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा सुरुवातीला तिला झोपच लागेना. जमीन इतकी गप्प कशी, याचीच तिला धास्ती वाटायची.

पुण्याहून ती परत आली ती वडिलांसाठी. विनायक अण्णांनी उभा जन्म काठांचे नक्शे काढण्यात घालवला होता. साडीचा काठ, ओढणीचा काठ, चादरीचा काठ, सगळे ग्राफच्या कागदावर एकेक चौकट भरून. मागांच्या कल्लोळात बसून बसून कान मंद झाले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. या धंद्यात कान शाबूत राहतात कोणाचे? घरात सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि भांडण नसतानाही भांडण चालल्यासारखं वाटायचं. पण मग काचबिंदू झाला. हा आजार कडेनं येतो, गुपचूप. "माझा आधी काठ गेला," अण्णा सांगायचे. "मला वाटलं, काठ गेला तर गेला, साडीचं अंग तर आहे ना. मंग अंग भी गेलं." इंदूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले.

अण्णांचं काम मृणालनं उचललं, पण संगणकावर. भिंतीला भिंत लागून समाधानभाऊंचा मागांचा कारखाना होता, त्यांच्यासाठी ती काठ काढून द्यायची. आता सुरतेच्या व्यापाऱ्याला नुसता नक्शा पुरेना. कापड विणायच्या आधीच ते अंगावर कसं पडेल, निरी कशी बसेल, उन्हात जरीची तार कशी चमकेल, ते सगळं त्याला पडद्यावर बघायचं होतं. ते दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, आणि मृणालचं सगळं बस्तान लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर. दुसरा कोणी असता तर दोन संगणक घेऊन मोकळा झाला असता. मृणाल हट्टी. तिनं ठरवलं, याच यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवायचं, आणि इंदूरहून आणलेलं जुनं पण दणकट ग्राफिक्स कार्ड सरळ त्या पोटातल्या यंत्राच्या हवाली करायचं.

"मतलब डब्यात अजून एक डबा?" तिच्या आईनं, रजनीबाईंनी विचारलं. त्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या.

"डबा नाही गं. पाहुणा समज. घर आपलं, जागा आपली, लाईट आपली. त्याला वाटतं सगळं त्याचंच आहे. पण त्याला डोळे नाहीत. म्हणून आपल्या घरातलं हे कार्ड त्याला द्यायचं."

"उसनं?"

"उसनं नाही, पूर्ण. त्याच्याकडे आहे तोवर यजमानाला, म्हणजे आपल्या या मूळ संगणकाला, ते सापडत भी नाही. एक कार्ड एका वेळी एकाकडेच."

"मंग यजमान आंधळा?"

"यजमानाला दुसरं लहानसं आहे, त्याचं भागतं त्याच्यावर."

रजनीबाईंनी मेथीची एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "पाहुणा म्हणतेस, आणि त्याला पाणी भी नाही विचारलं?" त्या म्हणाल्या.

काम वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. आधी संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागली. मग कळलं, कार्ड एकटं देता येत नाही. त्याच्या अंगावर आवाजाचाही एक भाग असतो आणि दोघं एकाच गटात बांधलेले असतात. दृश्य द्यायचं तर आवाजही द्यायचा. एक दिलं आणि एक ठेवलं, असं चालत नाही. इंटरनेटवर तिच्यासारख्याच हट्टी लोकांनी आणखी एक सूचना लिहून ठेवली होती. काही जुन्या कार्डांना खोड असते. पाहुणा निघून गेला तरी कार्ड यजमानाकडे परत येत नाही. मग यजमानालाच पूर्ण बंद करून नव्यानं उठवायचं, दुसरा उपाय नाही. मृणालनं ते वाचलं आणि म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

पाहुण्याचा पडदा तिनं अण्णांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला, कारण वायर तिथवरच पोचत होती. अण्णांची खुर्ची खिडकीजवळची. नजर गेली तरी त्यांनी जागा बदलली नव्हती.

आणि तो पडदा काळाच राहिला. पाहुणा जागा होता. नेटवर्कवरून हाक मारली की ओ देत होता, कार्डाचे पंखे भणभणत होते. पडद्यावर मात्र काही नाही. मृणालनं वायर बदलली, पडदा बदलला, सगळं पुसून पहिल्यापासून केलं. समाधानभाऊ डोकावून गेले आणि म्हणाले, "ताई, बंदच आहे ना हे?" सुरतेच्या माणसाचे फोन येत होते. मृणालच्या नाकाच्या शेंड्यावर राग येऊन बसला होता, आणि अशा वेळी घरात तिच्याशी कोणी बोलत नसे.

रजनीबाई बोलल्या नाहीत. त्यांनी केलं. गुरुवारी देवपूजा उरकल्यावर त्यांनी यंत्राच्या डब्याला हळदीकुंकू लावलं, काळ्या पडद्यासमोर वाटीत गुळाचा खडा आणि फुलपात्रात पाणी ठेवलं, आणि व्याह्यांना म्हणावं तशा पदर सारखा करून म्हणाल्या, "आलात तसे बसा. संकोच नका करू. घर तुमचंच समजा."

मृणालला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. हसत हसतच तिनं पाहुण्याला सुरू केलं. पंखे फिरले. पडदा काळा तो काळाच. ती कपाळाला हात लावणार, तेवढ्यात अण्णा खुर्चीत पुढे वाकले.

"हे निळं काय आहे?" ते म्हणाले.

घरातल्या दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"किती छान निळं आहे. तापीला पूर ओसरल्यावर असतं तसं." अण्णांनी बोट उचललं आणि काळ्या काचेवर नेमकं ठेवलं. "इथं एक चौकोन आहे. त्याच्यात काही लिहिलंय. इंग्रजी आहे."

मृणालला पहिल्यांदा वाटलं ते साधंच होतं: म्हाताऱ्या माणसाचा भास. नजर गेलेल्यांना रंग दिसतात, हे तिनं वाचलेलं होतं. तिनं वाद घातला नाही. आपल्या टेबलाशी जाऊन तिनं नेटवर्कवरून पाहुण्याला एक चित्र उघडायला सांगितलं. अण्णांना शेवटचा म्हणून जो काठ काढता आला होता, त्याचा कागद तिनं मागे स्कॅन करून ठेवला होता. तो तिनं उलटा करून धाडला. तिच्या बाजूनं स्टुलावरचा पडदा तसाच काळा, त्यात खिडकीच्या जाळीचं आणि तिच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब.

अण्णांनी मान तिरकी केली. मग खुदकन हसले.

"उलटा लावला तू. कोयरीचं देठ वर गेलंय." त्यांचं बोट काचेवरून सरकत एका जागी थांबलं. "आणि ही चौकट. ही मी चुकीची भरली होती. त्या दिवशी दिसेनाच, अंदाजानं भरली. कोणाच्या ध्यानात नाही आली कधी."

मृणालनं आपल्या पडद्यावर मूळ कागद उघडला, मोठा केला, त्या जागी गेली. चौकट चुकलेली होती.

ती खाली फरशीवर बसली. भीती अशी वाटली नाही. आपण आता मोठ्यानं बोलू नये, असं मात्र वाटलं. भिंतीपलीकडे माग चालू होते, फुलपात्रातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, आणि ज्या माणसाला दिवस-रात्रही कळत नव्हती तो माणूस काळ्या काचेत बघून आपली जुनी चूक शोधत होता. रजनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग मृणालला खूण केली: कोणाला सांगू नको. नजर लागते.

त्यानंतरच्या दिवसांत मृणालनं ज्याला शास्त्र म्हणतात ते सगळं करून पाहिलं. तोच पडदा यजमानाला जोडला तर अण्णांना काही दिसत नसे. दुसरा पडदा पाहुण्याला जोडला तर दिसे. कार्ड पाहुण्याकडे असेल तरच, आणि पाहुणा जागा असेल तोवरच. कारण तिला सापडलं नाही. नियम मात्र सापडला, आणि नियमावर तिचं भागत होतं. जे नेमानं घडतं त्याला ती घाबरत नसे. सुरतेचं काम तिनं उसन्या लॅपटॉपवर रडतखडत चालू ठेवलं. अण्णांना ती रोज सकाळी फोटो दाखवायची. तिच्या लहानपणीचे, असीरगडच्या सहलीचे, मामांच्या जसोंडी गावच्या केळीच्या बागेतले. अण्णा एकेक फोटो चवीनं बघत, घास घोळवावा तसा.

मग नजर काचेच्या बाहेर सांडायला लागली.

आधी त्यांना पडद्याची काळी चौकट दिसली. मग स्टुलाची कड. रजनीबाई रोज सकाळी वाटीतला गूळ बदलायच्या. पाहुण्याला शिळं कसं ठेवायचं? एका सकाळी त्यांनी वाटी ठेवली आणि अण्णा म्हणाले, "तुझ्या हिरव्या बांगड्यांतली एक पिचलीय. काढून टाक, लागेल."

रजनीबाईंचा हात वाटीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी कोपर दिसलं. मग खांदा. रजनीबाई त्या दिवसांत काय काय निमित्तं काढून पडद्याजवळ जात होत्या ते मृणालला दिसत होतं. धूळ पुसायची, वायर सरळ करायची, वाटी उगीच इकडची तिकडे करायची. शेवटी एका सकाळी त्या सरळ पडद्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी तोंड अण्णांकडे केलं.

"केस पांढरे झाले तुझे," अण्णा म्हणाले.

"तुमच्याच पायी झाले," रजनीबाई म्हणाल्या, आणि मग दोघंही हसताहेत की रडताहेत ते कळेना. मृणाल स्वयंपाकघरात निघून गेली. गॅसवर काही नव्हतं, तरी ती ओट्याशी उभी राहिली. तिला वाटलं, आपण जन्मभर यंत्रांशी झटापट केली ती या एका सकाळसाठी असेल, तर भरून पावलं.

त्याच आठवड्यात अण्णा वैतागून म्हणाले, "इतकं ओरडून का बोलून राहिल्या तुम्ही दोघी? मी काय बहिरा आहे?"

गट एकच होता. दृश्य गेलं की आवाजही जातो, आणि दृश्य आलं की तोही येतो. मृणालला ते आठवलं, आणि तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला. तेव्हा तो आनंदाचाच होता.

समाधानभाऊ नमुना घेऊन आले तेव्हा ती जेवत होती. त्यांनी चादर पसरली. "ताई, एक विचारू? हा उजवा काठ असाच रिकामा सोडायचा होता का? डाव्याला कोयरी आहे, उजव्याला नाही. कारीगर म्हणाला, ताईंनी केलं म्हणजे सोचून केलं असेल."

मृणालनं चादरीकडे बघितलं. डावा काठ दिसला, अंग दिसलं. उजवीकडचा रिकामा काठ बघायला तिला मान वळवावी लागली.

मग तिच्या ध्यानात येत गेलं. दाराच्या चौकटीला खांदा लागतोय. मागून आलेली स्कूटर अंगावर आल्यावरच कळतेय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जाताहेत आणि आई ओरडतेय, "ऐकू नाही येत का तुला?" ती गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, तो ठीक होता. मग एका यंत्रात डोकं ठेवून कडेचे ठिपके दिसतात का ते पाहिलं. कडेचे दिसत नव्हते.

"वडिलांना आहे ना? घराण्यात असतं हे," डॉक्टर म्हणाले. "पण दाब नॉर्मल आणि तरी कडा गेल्या... बघत राहू. औषध लिहून देतो."

घराण्यात असतं. मृणालनं ते घट्ट धरून ठेवलं. औषधाची बाटली पर्समध्ये ठेवून ती घरी आली, तेव्हा अण्णा खिडकीच्या जाळीतून बाहेर बघत होते आणि गल्लीतून कोण कोण गेलं ते रजनीबाईंना सांगत होते.

पुढच्या आठवड्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर बदलायला आले. दिवसभर लाईट नाही. सगळे माग बंद, कारीगर ओट्यांवर बसून पत्ते खेळताहेत. यंत्र बंद झालं तसे अण्णा नुसतं "गेलं" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मृणाल अंगणात मटार सोलायला बसली. शेंग, दाणे, टोपली. दुपार कलली तेव्हा तिनं मान न हलवता उजव्या बाजूच्या भिंतीवर एक खार पाहिली.

तिचे हात थांबले.

खार शेपटी उडवत भिंतीच्या टोकापर्यंत गेली, आणि शेवटपर्यंत दिसत राहिली. मग आतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग दोन गल्ल्या पलीकडे कोणीतरी बाळाला जोजवत होतं, ते. कडा परत आल्या होत्या. जितकं अण्णांचं गेलं होतं तितकं तिला मिळालं होतं, मापून दिल्यासारखं. एक कार्ड. एका वेळी एकाकडेच.

तिला रडू नाही आलं. ती थक्क झाली होती. आपण घडवलेल्या यंत्रातून काहीतरी इतकं मोठं आणि इतकं चोख जा-ये करत होतं, आणि तिच्या हातात मटाराची शेंग होती. कितीतरी वेळ तिनं ती शेंग फोडलीच नाही.

संध्याकाळी फरशी थरथरली, माग सुरू झाले. मृणालनं यंत्राला हात लावला नाही. अण्णांनी विचारलं नाही. रजनीबाई आतून आल्या त्या केस विंचरून, हिरवं पातळ नेसून. अण्णांनी सकाळीच म्हटलं होतं, ते हिरवं नेस, बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं, मृणालकडे बघितलं, आणि स्टुलाशेजारी नेहमीच्या जागी बसल्या.

"राहू दे," अण्णा हवेत बघत म्हणाले. "दमली असेल पोरगी."

असं नसते म्हणाले, तर कदाचित मृणालनं तो पाहुणा पुन्हा जागा केला नसता. "थोडाच वेळ," ती स्वतःशी पुटपुटली, आणि सुरू केलं.

घरात तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णांनी स्वतः जाऊन वायर उपटली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं नेम घातला. सकाळी सुरू, दुपारी बंद. पण एक दिवस अण्णांनी ग्राफचा कागद मागितला. पेन्सिलीला टोक काढलं, चौकटी भरायला लागले, आणि बंद करायची वेळ हळूहळू पुढे सरकत गेली. नवा काठ होता. केळीच्या पानाची कड वाऱ्यानं चिरते ना, तशी कड, आणि मधूनमधून कळी. असा काठ गावात कोणी विणला नव्हता. "एवढा पुरा होऊ दे बेटा," ते रोज म्हणत. मृणाल रोज होऊ देत होती. तिला आता समोरचं तेवढं दिसत होतं, नळीतून बघावं तसं, आणि ओठांकडे बघितल्याशिवाय आईचं बोलणं कळत नव्हतं. भिंतीपलीकडचे माग मात्र ऐकू येत होते. त्यांना ऐकायला कानांची फारशी गरज नव्हतीच.

काठ पुरा झाला त्या दिवशी दुपारी अण्णांनी कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. ती एकेक भाग करत, डोकं फिरवत, सगळा बघून गेली. एकही चौकट चुकली नव्हती.

"आज बंद करते, अण्णा," ती म्हणाली. "आता काही दिवस बंदच ठेवू. माझं काम अडलंय."

अण्णांनी कागद मांडीवर ठेवला. "पाहुण्याला जा म्हणत नाहीत, बेटा," ते म्हणाले. "पण तुझं काम आधी. कर बंद."

रजनीबाईंनी गुळाची वाटी उचलली. मृणालनं आपल्या टेबलाशी बसून पाहुण्याला निरोपाचा आदेश दिला. त्याच्या खिडकीत शेवटच्या दोन ओळी आल्या आणि खिडकी मिटली. पंख्यांचा वेग उतरला. पाहुणा गेला होता.

ती अण्णांकडे वळली. ते पेन्सिलीनं काठाच्या एका कळीला आणखी एक पाकळी जोडत होते.

"अण्णा?"

"हं?"

"दिसतंय?"

"दिसतंय की. का?"

मृणालनं आनंदानं खुर्चीचे हात घट्ट धरले. राहिलं! पाहुणा गेला आणि जाताना अण्णांचे डोळे त्यांच्यापाशी ठेवून गेला. आता आपले आपल्याकडे येतील. त्या दिवशी अंगणात आले होते तसे, हळूहळू, संध्याकाळपर्यंत. सवयीनं तिनं यजमानाला विचारलं, तुझ्याकडे आता काय काय आहे. पडद्यावर यादी आली. ती नळीतून एकेक ओळ वाचत खाली गेली.

कार्ड यादीत पाहुण्याच्याच नावावर होतं. पाहुणा कुठेच नव्हता.

तिनं पुन्हा विचारलं. यजमानानं पुन्हा तेच सांगितलं. आजवर दर वेळी येत होतं, आज कार्ड परत आलेलं नव्हतं. यावर उपाय काय तो तिनं पहिल्याच आठवड्यात वाचला होता, आणि तो एकच होता. यजमानाला पूर्ण बंद करायचं.

पण हे यंत्र बंद करून काही होणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. यातला यजमान ते यंत्र नव्हतं, ती स्वतः होती.

ती ओळ अंधारली. मग पडदा. मग टेबल.

"अण्णा," ती म्हणाली. "लाईट गेली."

"कुठं गेली?" अण्णांचा आवाज लांबून आला. "हा काय पंखा फिरून राहिला डोक्यावर."

भिंतीपलीकडे माग खटखटत होते. मृणाल खुर्चीत ताठ बसून ते ऐकत राहिली. हे थांबायला हवेत, तिला वाटलं. थांबले तर लाईट गेली आहे. थांबले तर सगळं ठीक आहे. आयुष्यात कधी केली नव्हती अशी प्रार्थना तिनं केली, की बाबांनो, थांबा.

आणि माग थांबले.

सगळे, एकदम. तिनं सुटकेचा श्वास टाकला. "गेली," ती लहानपणी ओरडायची तशी ओरडली.

तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

तिनं चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय फरशीवर टेकवले. फरशी थरथरत होती.